तीन डॉलरचा राक्षस

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत दुपारच्या उन्हात बाहेर पडायला आम्हाला सक्त मनाई असे. मग आजी ओसरीच्या फरशीवर कोळशानं पट आखून द्यायची आणि मी आणि दादा वाघ-बकरी खेळत बसायचो. वाघ मोजके, बकऱ्या पुष्कळ. वाघानं उडी मारून बकऱ्या खायच्या आणि बकऱ्यांनी एकमेकींना धरून राहून वाघाची वाट अडवायची. चिंचोके म्हणजे बकऱ्या, नदीतले गुळगुळीत दगड म्हणजे वाघ. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तो नेहमी बकऱ्या घ्यायचा आणि बहुधा जिंकायचाही. मला मात्र वाघच हवा असायचा.

आज मी ज्या खेळाची गोष्ट सांगणार आहे, तो जातीनं या वाघ-बकरीचाच भाऊबंद आहे. फक्त तो जन्मला अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, १९७७ साली. नाव 'ओगर'. ओगर म्हणजे माणसं खाणारा राक्षस. किंमत होती २ डॉलर ९५ सेंट. शिक्षणासाठी टेक्सासला गेलो असताना, १९८२ साली, जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात तो माझ्या हाती लागला. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक छोटी नियमपुस्तिका, घडी घातलेला कागदी पट आणि आधीच्या मालकानं कात्रीनं वेड्यावाकड्या कापलेल्या पातळ पुठ्ठ्याच्या सोंगट्या. एवढासा ऐवज. पण त्याच्यामागं दीडशे वर्षांचा इतिहास उभा होता, हे मला पुष्कळ नंतर समजलं.

युद्धाचे खेळ आपल्याला नवे नाहीत. बुद्धिबळाचा पूर्वज जो चतुरंग, तो हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ यांचाच खेळ. पण खऱ्या नकाशावर, खऱ्या अंतरांचा हिशोब ठेवून खेळायचा युद्धखेळ घडवला तो प्रशियानं. राइसविट्झ नावाच्या पिता-पुत्रांनी तो तयार केला आणि १८२४ साली मुलानं तो प्रशियाच्या सेनापतींपुढं मांडला. लाल आणि निळ्या ठोकळ्यांच्या पलटणी, मधे एक पंच आणि नशिबाचा वाटा ठरवायला फासे. सैन्यातले तरुण अधिकारी त्यावर तालीम करू लागले. पुढं १८६६ आणि १८७० च्या युद्धांत प्रशियानं विजय मिळवले, तेव्हा इतर देशांनाही या खेळाचं महत्त्व पटलं.

हा खेळ सैन्याच्या कचेरीतून दिवाणखान्यात आणणाऱ्यांमध्ये एक नाव आपल्या ओळखीचं आहे. एच. जी. वेल्स. 'टाइम मशीन' आणि 'अदृश्य माणूस' यांचा जनक. १९१३ साली वेल्सनं 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं. शिशाचे सैनिक आणि स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफा घेऊन लढाई कशी खेळावी, याचे नियम त्यात होते. याच वेल्सनं त्याच्या दहा वर्षं आधी, १९०३ साली, 'द लँड आयर्नक्लॅड्स' नावाची कथा लिहिली होती. खंदकांवरून चालून जाणाऱ्या अजस्र पोलादी गाड्यांची. त्या वेळी रणगाडा जगात अस्तित्वातच नव्हता. तो पहिल्यांदा लढाईत उतरला १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समधल्या सोमच्या रणभूमीवर. म्हणजे भविष्यातला रणगाडा आणि टेबलावरची लढाई, या दोन्ही कल्पना वेल्सच्या डोक्यात नांदत होत्या. एवढंच की त्यांची गाठ पडायला आणखी साठ-सत्तर वर्षं जावी लागली.

आणखी एक सांगायला हवं. वेल्स युद्धाचा शौकीन नव्हता. त्याच पुस्तकाच्या शेवटी तो म्हणतो, त्याचा आशय असा, की ज्यांना लढाईची हौस आहे त्यांनी ती या खोलीत भागवावी. इथं कुणाची घरं जळत नाहीत, कुणाच्या देहाच्या चिंध्या होत नाहीत. पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद अमेरिकेत रुजला. मेरीलँडमधल्या चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ साली 'टॅक्टिक्स' नावाचा खेळ काढला आणि १९५८ मध्ये 'अ‍ॅव्हलॉन हिल' ही कंपनी उभी केली. पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या, त्यांवर ताकदीचे आणि वेगाचे आकडे, दोन्ही बाजूंच्या ताकदीचं प्रमाण काढायचं, फासा टाकायचा आणि कोष्टकात निकाल पाहायचा, अशी ही पद्धत. पुढं पटावर चौकोनांऐवजी षटकोनी घरं आली, मधमाशीच्या पोळ्यासारखी. त्याचं कारण सोपं आहे. चौकोनात तिरकं जाताना अंतर वाढतं, षटकोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात.

सत्तरचं दशक उजाडेपर्यंत या खेळांनी चांगलंच बाळसं धरलं होतं, नको तितकं. हजारो सोंगट्या, जाडजूड नियमपुस्तकं, डाव मांडायलाच एक संध्याकाळ आणि संपवायला कित्येक रविवार. शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशात न बसणारी किंमत ती वेगळीच.

इथं ऑस्टिनमधली 'मेटागेमिंग' ही छोटी कंपनी पुढं आली. हॉवर्ड थॉम्पसन तिचे मालक. त्यांचा विचार असा, की खिशात मावेल, तासाभरात खेळून होईल आणि तीन डॉलरच्या आत मिळेल असा खेळ का काढू नये? त्यांच्याकडं स्टीव्ह जॅक्सन नावाचा विशीतला तरुण काम करायचा. राइस विद्यापीठाचा पदवीधर. वकिलीच्या शिक्षणाला गेला होता, ते सोडून खेळ रचायच्या नादी लागला. घरच्यांना काय वाटलं असेल, ते आपल्या मराठी घरांत वेगळं सांगायला नको! या तरुणानं मालेतला पहिला खेळ रचला, तोच 'ओगर'.

कल्पना त्यानं विज्ञानकथांतून उचलली आणि तसं त्यानं मोकळेपणी सांगितलंही. कीथ लॉमर या लेखकानं १९६० पासून 'बोलो' नावाच्या स्वतः विचार करणाऱ्या महाकाय रणगाड्यांच्या कथा लिहिल्या होत्या. कॉलिन कॅप यांची 'गॉटलोस' ही १९६९ सालची कथाही त्याच्या डोळ्यांसमोर होती. शिवाय काळही तसा होता. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात इजिप्तच्या पायदळानं खांद्यावरून वाहून नेता येणाऱ्या क्षेपणास्त्रांनी इस्रायली रणगाड्यांची दाणादाण उडवली होती आणि रणगाड्याचे दिवस संपले की काय, अशी चर्चा जगभर चालू होती. जॅक्सननं उलटी कल्पना केली. २०८५ साल. असं चिलखत शोधलं गेलंय, की अणुस्फोटाच्या मारातूनही गाडी वाचावी. त्यामुळं रणगाडा परत आलाय, आणि आता त्याला आत बसलेल्या माणसाची गरज उरलेली नाही. तोच हा ओगर.

आता खेळ कसा, ते सांगतो. एका खेळाडूकडं एकच सोंगटी, ओगर. दुसऱ्याकडं एक मुख्यालय, जे हलू शकत नाही, आणि त्याच्या रक्षणाला रणगाडे, दूरवर मारा करणाऱ्या पण जागेवरून न हलणाऱ्या तोफा, हवेच्या गादीवर तरंगत धावणारी होवरक्राफ्ट आणि पायदळ. पट म्हणजे खड्डे आणि ढिगारे पडलेलं उजाड माळरान. ओगर एका टोकाकडून येणार आणि दुसऱ्या टोकाचं मुख्यालय उडवणार. बस्स.

गंमत आहे ती ओगरच्या मरणात. इतर सोंगट्या एका फटक्यात पटावरून जातात, ओगर तुकड्या-तुकड्यांनी मरतो. कागदावर त्याच्या प्रत्येक अवयवाची यादी असते. साध्या 'मार्क तीन' ओगरची एक मुख्य तोफ, चार दुय्यम तोफा, पायदळ टिपणाऱ्या आठ बंदुका, दोन क्षेपणास्त्रं आणि साखळीपट्ट्यांचे ४५ गुण. प्रत्येक १५ गुण गेले की त्याचा वेग एका घरानं कमी होतो. पट्ट्यांवर मारा केला तर फाशावर ५ किंवा ६ पडलं तरच नुकसान. म्हणजे तीनात एकदा. तेव्हा बचाव करणाऱ्यानं ठरवायचं, की त्याच्या तोफा फोडायच्या की पाय तोडायचे? तोफा फोडल्या तर आपली माणसं वाचतात, पण तो चालतच राहतो. पाय तोडायला गेलो, तर तो रांगत रांगत येतो, पण येताना सगळ्यांना भाजून काढतो. प्रत्येक पाळीला हाच पेच. ४५ मिनिटांत घामाघूम व्हायला होतं.

पहिल्या आवृत्तीत एक खोट निघाली. होवरक्राफ्टला पुढं येऊन मारा करायचा आणि त्याच पाळीत मागं पळायचं, अशी मुभा होती. हुशार खेळाडूंच्या लक्षात आलं, की बाकी काही न घेता नुसती होवरक्राफ्टच घेतली, तर ओगर बिचारा त्यांच्यामागं धावूनच मरतो. मग नियम दुरुस्त झाले आणि त्यांचा वेग आवरला गेला. सांगायचा मुद्दा, हा खेळ एकट्या जॅक्सननं पूर्ण केला नाही. ठिकठिकाणच्या घरांत तो खेळून खेळून, त्याच्या खोडी काढून खेळणाऱ्यांनीही तो घडवला. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, 'जी.ई.व्ही.' हा त्याचा जोडखेळ आला. त्यात नद्या, गावं, जंगलं आली.

खेळ नावाजला आणि मग आपल्याकडं वाटणीच्या वेळी होतं तेच झालं. १९८० साली जॅक्सननं थॉम्पसन यांची कंपनी सोडून स्वतःच्या नावाची कंपनी काढली. 'ओगर' कुणाचा, रचणाऱ्याचा की छापणाऱ्याचा, असा वाद उभा राहिला. १९८१ मध्ये तडजोड होऊन 'ओगर' जॅक्सनकडं आला. 'मेटागेमिंग' १९८३ साली बंद पडली. पण जॅक्सननंच रचलेला 'द फँटसी ट्रिप' हा दुसरा खेळ त्याला तेव्हा परत मिळाला नाही. अमेरिकेच्या कायद्यात लेखकाला पस्तीस वर्षांनी आपले हक्क परत मागता येतात, अशी एक तरतूद आहे. तिचा आधार घेऊन २०१७ च्या डिसेंबरात त्यानं तो खेळ परत मिळवला. विशी-पंचविशीत रचलेली वस्तू साठी उलटल्यावर हाती आली. आपल्याकडच्या किती लेखक-संगीतकारांच्या नशिबी एवढं तरी असतं?

याच जॅक्सनच्या कचेरीवर १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसनं छापा घातला. संगणकातल्या चोऱ्यांचा तपास चालू होता. संगणक जप्त झाले, छपाईला निघालेलं पुस्तक अडकलं, जवळजवळ निम्म्या लोकांना कामावरून कमी करावं लागलं. गुन्हा मात्र जॅक्सनवर कसलाच नोंदवला गेला नाही. त्यानं उलट सरकारवरच दावा लावला आणि १९९३ मध्ये न्यायालयानं त्याला पन्नास हजार डॉलरहून अधिक भरपाई आणि वकिलाचा खर्च मिळवून दिला. संगणकावर साठवलेल्या मजकुरालाही कायद्याचं संरक्षण असतं, हे ठसवणाऱ्या सुरुवातीच्या खटल्यांमध्ये तो आजही गणला जातो. खेळ रचणारा माणूस, पण सरकारी ओगरपुढं पाय रोवून उभा राहिला.

२०१२ साली त्यानं 'ओगर'ची एक भव्य आवृत्ती काढायचं ठरवलं आणि इंटरनेटवरून आगाऊ वर्गणी मागितली. अपेक्षा होती २० हजार डॉलरची, जमले ९ लाख २३ हजारांवर. साडेपाच हजार लोकांनी पैसे पाठवले. सत्तरच्या दशकातली पोरं आता मिळवती झाली होती ना! २०१३ च्या अखेरीला जी पेटी घरोघर पोहोचली, तिचं वजन दहा किलोंच्या वर. खिशात मावणारा खेळ आता दोन हातांनी उचलायची पाळी आली. मात्र जॅक्सननं छोटी आवृत्तीही पुन्हा काढली आणि किंमत ठेवली तीच, २ डॉलर ९५ सेंट. मला त्याची ही गोष्ट फार आवडली.

आता माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो आणि थांबतो.

दादा पायदळात होता. ७१ च्या लढाईत पूर्व आघाडीवर होता, पण त्याविषयी घरी फारसं बोलत नसे. १९८५ साली मी परतलो, तेव्हा तो सुट्टीवर आला होता. एका दुपारी त्याच ओसरीवर मी 'ओगर' मांडला. अर्थातच राक्षस मी घेतला. नियम त्यानं पाच मिनिटांत आत्मसात केले. मी त्याला म्हटलं, "दादा, पायदळ पुढं टाक. ते स्वस्त असतं. ओगर त्यांच्यात गुंतला, की मागून तुझ्या तोफा त्याला फोडतील." सगळे असंच खेळतात आणि बरोबरच खेळतात.

दादानं पायदळाच्या सोंगट्या हातात घेतल्या, त्यांच्यावरचे १, २, ३ असे आकडे पाहिले आणि सगळ्या मागं, मुख्यालयाजवळ ठेवल्या.

"अरे, असं हरशील तू," मी म्हणालो. "नुसत्या पुठ्ठ्याच्या तर सोंगट्या आहेत."

"मुख्यालयाच्या नकाशावर आम्हीसुद्धा टाचण्याच असतो रे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. मग त्यानं फासा उचलला.

तो डाव दादा हरला. तोफा गेल्या, रणगाडे गेले, शेवटी माझा राक्षस रांगत मुख्यालयापर्यंत पोहोचला आणि तिथं त्याच्या पायदळानं त्याला जवळजवळ संपवलाच होता. एक फासा उलटा पडला असता, तर निकाल वेगळा लागता. पुढं आम्ही पुष्कळदा खेळलो. नंतरच्या डावांत त्यानं पायदळ पुढंही पाठवलं. पण पाठवताना प्रत्येक वेळी तो क्षणभर थांबायचा. मी तसा कधी थांबलो नव्हतो.

मी पुढं पस्तीस वर्षं यंत्रांची नियंत्रणं तयार करण्याचं काम केलं. कुठलंही यंत्र बाहेर पाठवताना त्यावर लाल बटण आहे ना आणि ते माणसाच्या हाताशी आहे ना, हे आम्ही आधी पाहायचो. 'ओगर'च्या कागदावरच्या यादीत ते बटण नाही. १९७७ साली ती कल्पनेची चैन होती. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं माणसाविना लक्ष्य निवडून मारा करणाऱ्या शस्त्रांविषयी पहिल्यांदाच ठराव केला. म्हणजे ओगर यायला २०८५ पर्यंत थांबावं लागेल, असं काही दिसत नाही.

म्हणून या जुन्या खेळाचं मोल मला वाटतं. प्रशियाचा खेळ अधिकाऱ्यांना जिंकायला शिकवत होता, वेल्सचा खेळ लढाईची खुमखुमी घरातच जिरवू पाहत होता. जॅक्सनचा हा तीन डॉलरचा कागद तुम्हाला अशा यंत्रासमोर बसवतो, जे थकत नाही, भीत नाही आणि ज्याला दया माया नाही, आणि विचारतो, की आता तुमच्यातलं कुणाला पुढं पाठवता? मुलांनी हे खेळावं की नाही, असं मला कुणी कुणी विचारतात. मी म्हणतो, खेळावं. पण दोन्ही बाजूंनी खेळावं.

दादा २०१६ मध्ये गेला. माझ्याकडची ती पिशवी अजून आहे. पायदळाची एक सोंगटी हरवली, तिच्याजागी लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून मी नवी केली आहे. गेल्या दिवाळीत माझी नात खेळायला बसली. तिनं मागितला राक्षसच. मी विचारलं, पुढच्या डावाला बाजू बदलायची ना? म्हणाली, "बघू, आजोबा."